सिगारेट सोडून वजन वाढलं, तर हृदयाला फायदा की तोटा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत शिफ्टची नोकरी, उंची पाच फूट सहा इंच. पंचविशीपर्यंत तालमीत जाणं होतं. गेली वीस वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी. वडिलांना ५१ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, त्या धास्तीने गेल्या वर्षी सिगारेट सोडली. चार महिन्यांत वजन ७१ वरून ७६ किलोवर गेलं, घरी आणि मित्रांत ‘पोट सुटलं’ हे रोजचं ऐकणं झालं, आणि पाचव्या महिन्यात सिगारेट परत सुरू झाली. आता तुम्ही विचारताय, ‘जाडेपणानेही अटॅक येतोच ना? मग ओढून सडपातळ राहणं आणि सोडून जाड होणं, यात हृदयाला कमी वाईट काय?’

उत्तर आधी सांगतो. सोडणं. पाच किलो वाढले तरी सोडणं, आणखी दोन-तीन वाढले तरीही सोडणंच. एवढं मी तुम्हाला न तपासताही ठामपणे सांगू शकतो. बाकी बरंच काही तुमची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि कमरेचं माप यांवर अवलंबून आहे, त्याकडे पुढे येतो.

तुम्ही ‘सिगारेट की वजन’ अशी निवड समोर ठेवली आहे. कोल्हापुरात इतकी वर्षं फिजिशियन म्हणून काम करताना अशीच मांडणी मी पुष्कळांकडून ऐकली आहे, आणि ती का होते हे मला समजतं. वाढलेलं वजन काट्यावर दिसतं, शर्टाच्या बटणांना कळतं, चारचौघांत बोललं जातं. रक्तवाहिनीच्या आत काय सुधारलं हे मात्र कुणालाच दिसत नाही. त्यामुळे सोडण्याचा तोटा रोज डोळ्यांपुढे राहतो आणि फायद्याची जाणीवच होत नाही. म्हणून प्रश्न असा विचारू या: त्या पाच किलोंनी सिगारेट सोडल्याचा फायदा खाऊन टाकला का? आणि पुढच्या वेळी वजन आवरायचं कसं?

धूर आणि चरबी दोन्ही हृदयाला त्रास देतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि वेगही वेगळा आहे. हा फरक नीट समजून घ्या, कारण माझा सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

सिगारेट ओढली की काही मिनिटांत निकोटिनमुळे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो. त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. शिवाय रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तर धुरातल्या घटकांनी दुखावतं, वाहिनी आकसते, आणि रक्तातल्या प्लेटलेट चिकट होऊन गुठळी धरायला तयार होतात. हे वर्षानुवर्षांनी कधीतरी होणारं नुकसान नाही, प्रत्येक सिगारेटीबरोबर होतं. तुमचं काम भट्टीजवळ असेल तर तिथल्या हवेतूनही थोडाफार कार्बन मोनॉक्साइड अंगात जाऊ शकतो, त्यात सिगारेटचा वेगळा. फाउंड्रीतल्या माणसाला मी हे मुद्दाम सांगतो.

चाळिशीच्या आसपास अटॅक येऊन दाखल होणारे माझे कितीतरी रुग्ण जाड नसतात. काटक अंगाचे, राबणारे, पोट सपाट असलेले लोक असतात ते. अँजिओग्राफी केली की पुष्कळदा तिन्ही वाहिन्या भरलेल्या दिसत नाहीत. एकाच ठिकाणी मध्यम आकाराचा चरबीचा थर असतो, तो फुटलेला असतो आणि त्यावर ताजी गुठळी बसलेली असते. अशा वेळी ‘सिगारेट किती?’ हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘रोज एक पाकीट’ किंवा ‘बिडीचं एक बंडल’ असंच येतं. नातेवाईक बाहेर म्हणत असतात, ‘डॉक्टर, याच्या अंगावर तर चरबीच नाही.’ बरोबर आहे त्यांचं. पण या अटॅकसाठी अंगावरच्या चरबीची फारशी गरज पडलेली नसते.

वजनाची वाट लांबची आहे. पोटातली चरबी वाढली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर वर सरकते, रक्तदाब वाढतो, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, चांगलं म्हणवलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल घटतं. या सगळ्याला वर्षं लागतात. मी हे अजिबात किरकोळ समजत नाही. आपल्या जिल्ह्यात मधुमेहाचे रुग्ण रोज पाहणारा कुणीही डॉक्टर समजणार नाही. पण या वाटेवरचा प्रत्येक टप्पा मला मोजता येतो. रक्तदाब वाढला तर मशीनवर दिसतो, त्याला गोळी आहे. साखर वाढली तर तपासणीत दिसते, तिला औषध आहे. कोलेस्टेरॉलला स्टॅटिन आहे. धूर आत जात असताना त्याचं नुकसान थांबवणारी गोळी मात्र माझ्याकडे नाही. धूर थांबवणं एवढाच उपाय आहे, आणि तो तुमच्याच हातात आहे. दोन संकटांपैकी ज्याला औषध नाही ते आधी दूर करावं, असं मला वाटतं.

आता अंदाजावर न थांबता अभ्यास काय सांगतात ते पाहू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून तिथल्या रहिवाशांच्या हृदयविकाराचा माग घेतला जातोय. त्यांच्या पुढच्या पिढीची माहिती वापरून २०१३ मध्ये नेमका तुमचाच प्रश्न तपासला गेला: सोडल्यावर वजन वाढलेल्यांचं काय झालं? मधुमेह नसलेल्यांमध्ये, सिगारेट सोडणाऱ्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ओढत राहिलेल्यांच्या जवळपास निम्मा निघाला, आणि वाढलेलं वजन हिशेबात धरूनही हा फायदा टिकला. मधुमेहींची संख्या त्यात कमी होती, म्हणून त्यांच्याबद्दल तितकं ठामपणे सांगता आलं नाही, पण कल तोच होता.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मोठ्या पाहणीतून याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली, आणि तीही मी तुमच्यापासून लपवणार नाही. ज्यांचं वजन सोडल्यानंतर वाढलं, त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचा धोका काही वर्षं वाढला, साधारण पाच ते सात वर्षांनी तो सर्वांत जास्त होता आणि मग उतरत गेला. जितकं वजन जास्त वाढलं तितका हा धोका जास्त, आणि वजन वाढलंच नाही त्यांच्यात तो वाढला नाही. म्हणजे वजनाची तुमची काळजी खोटी नाही. पण त्याच अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू सिगारेट सोडणाऱ्यांत कमीच झाले, आणि दहा किलोंहून जास्त वजन वाढलेल्यांतही ते ओढणाऱ्यांपेक्षा कमीच होते. तुमच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर वैद्यकात क्वचित मिळतं.

वयाचंही पाहा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ मध्ये सुरू झालेला अभ्यास पन्नास वर्षं चालला. आयुष्यभर ओढणारे साधारण दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ. तुम्ही ४४ चे आहात. हृदयविकाराचा सिगारेटमुळे वाढलेला जादा धोका सोडल्यापासून एका वर्षात सुमारे निम्म्यावर येतो. तुम्ही चार महिने काढले होते, म्हणजे ती उतरण सुरू झाली होती.

इथे सडपातळपणाबद्दल बोलायला हवं, कारण ‘ओढून सडपातळ’ हे मला पटत नाही. ओढणाऱ्यांचं सरासरी वजन न ओढणाऱ्यांपेक्षा थोडं कमी असतं, हे खरं. पण ओढणाऱ्यांची चरबी पोटाकडे जास्त साठते, आणि दंड-मांड्यांचे स्नायू तितके राहत नाहीत. काट्यावर आकडा चांगला येतो, पण धोका कमरेत साठलेला असतो. तुमचाच हिशेब करू. १६८ सेंटीमीटर उंचीला ७१ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २५ च्या थोडा वर. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातच साखर आणि रक्तदाबाचे त्रास सुरू होतात. म्हणजे सिगारेट चालू असतानाही तुम्ही सडपातळ नव्हता. हे तुम्हाला दुखवायला सांगत नाही. ज्या सडपातळपणासाठी परत सिगारेट धरली, तो मुळात तुमच्याकडे नव्हता, म्हणून सांगतोय.

काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० ही आपल्यासाठीची मर्यादा आहे. पँटचा नंबर सांगू नका. पँट पोटाच्या खाली बांधली जाते आणि वीस वर्षं तोच नंबर राहू शकतो. २००४ मध्ये ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातही बीएमआयपेक्षा कंबर-नितंबाच्या प्रमाणाचा अटॅकशी संबंध जास्त घट्ट निघाला. ओढणाऱ्यांना अटॅकचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकी जगापेक्षा सुमारे सहा वर्षं आधी, ५३ च्या आसपास येतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. तुमच्या वडिलांना ५१ व्या वर्षी आला. वडील किंवा भाऊ अशा जवळच्या पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत अटॅक आलेला असणं हा वेगळा धोका आम्ही धरतो. तो बदलता येत नाही, म्हणून बदलता येणारे धोके जास्त कडक नजरेने पाहायचे.

‘मग दिवसाला एक-दोनवर आणतो, म्हणजे वजनही वाढणार नाही’ असं तुमच्या मनात येईल, बऱ्याच जणांच्या येतं. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटींच्या संख्येबरोबर बराच चढतो-उतरतो. हृदयाचं तसं नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा दिसलं की रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा रोज फक्त एक ओढणाऱ्यालाही असतो. प्लेटलेट आणि रक्तवाहिनीचं अस्तर अगदी थोड्या धुरालाही बिथरतं. कमी करणं ही सोडण्याकडे जाण्याची पायरी म्हणून ठीक, मुक्काम म्हणून नाही.

आणि आपल्या भागात याहून मोठा धोका आहे: सिगारेट सोडून तंबाखूकडे वळण्याचा. निपाणीचा तंबाखूचा पट्टा शेजारीच, चुन्याची डबी जवळजवळ प्रत्येक शिफ्टमध्ये कुणाच्या तरी खिशात, मावा कोपऱ्यावर. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखूची सवय गेलेली नाही. इंटरहार्टमध्ये बिडीचा धोका सिगारेटइतकाच निघाला, नुसता तंबाखू खाणाऱ्यांनाही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त होता, आणि ओढणं-खाणं दोन्ही असणाऱ्यांना चौपट. तोंडाच्या कर्करोगाचं तर बोलायलाच नको. ई-सिगारेट २०१९ पासून देशात बेकायदा आहे, ती पळवाटही धरू नका. घरात कुणी मिश्री लावत असेल तर तोही तंबाखूच, हे यानिमित्ताने सांगतो.

आता वजन का वाढलं ते. निकोटिन भूक दाबतं आणि शरीराचा बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्चही थोडा वाढवतं. सोडल्यावर भूक आणि चव दोन्ही परत येतात, खर्च उतरतो, आणि रिकामा हात तोंडाकडे काहीतरी न्यायला बघतो. खाणं आणि खर्च मिळून दिवसाला दोनशे-एक कॅलरींचा फरक पडला, तरी काही महिन्यांत काटा हलतो. सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढतं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. साधारण सहा-सात जणांमागे एकाचं वजन उलट कमी होतं, आणि जवळपास तितक्याच लोकांचं दहा किलोंहून जास्त वाढतं. तुमचे पाच किलो अगदी सरासरीत बसतात. दुर्दैव एवढंच की तुम्ही सिगारेट परत धरली ती वाढीचा जोर ओसरत असताना. आणखी थोडे महिने थांबला असता तर काटा बहुधा बराच स्थिरावला असता.

पुढच्या प्रयत्नात मी तुम्हाला पहिले दोन-तीन आठवडे कडक डाएट करू देणार नाही. सिगारेट आणि जेवण दोन्ही एकदम सोडणारा माणूस चिडचिडीने दोन्हींकडे परत येतो, असं मी पुष्कळ पाहिलं आहे. या दिवसांत फक्त द्रवरूप कॅलरी पाहा. शिफ्टमध्ये दिवसाला सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर साखरेच्याच दोनशेच्या वर कॅलरी होतात. चहाची साखर निम्मी करा, मग बंद. गूळ घातला तर हिशेब तोच राहतो. आपल्या गुळाचा अभिमान मलाही आहे, पण शरीराला तो साखरच. दुसरं, तालमीची सवय. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही, हे मी इथल्या माजी पैलवानांत नेहमी पाहतो. म्हशीच्या दुधाचा पाव लिटरचा एक पेला म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जात असाल तर जरूर जा, पण ते रोजच्या जेवणावर वरून घ्यायचं नाही, एखाद्या खाण्याच्या बदल्यात घ्यायचं. रविवारी तांबडा-पांढरा असू दे. वाटीवर तरंगणारी तरी बाजूला करा आणि रश्श्याच्या वाट्या मोजून घ्या. मिसळीत फरसाण आणि ब्रेड जड पडतात, उसळ नाही. हे सगळं एकदम करायचं नाही. आधी चहा, मग दूध, एवढंच पहिल्या महिन्याला पुरे.

चहाची आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जलद करतं. सिगारेट सोडली की तो निचरा मंदावतो, आणि तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. छाती धडधडते, झोप लागत नाही, हात अस्वस्थ होतात, आणि माणसाला वाटतं की हे सिगारेट सोडल्यामुळेच. रात्रपाळीच्या लोकांना हा त्रास जास्त होतो. चहाचे कप निम्मे करून पाहा, फरक जाणवेल. शिवाय तुमच्या बाबतीत चहा आणि सिगारेट यांची गाठ टपरीवरच पडलेली असणार. काही आठवडे चहा कँटीनमध्ये, न ओढणाऱ्यांबरोबर घ्या.

तलफ आली की ती काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत चाला. रंकाळ्यावर संध्याकाळी चालणाऱ्यांत तुम्हीही असाल तर उत्तम, पण शिफ्टमुळे जमत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत शेडभोवती दहा मिनिटं चाललात तरी मोलाचं आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. एकट्या चालण्याने पाच किलो उतरत नाहीत, पण पोटातली चरबी, साखर आणि झोप यांवर त्याचा चांगला परिणाम होतो. तालमीतल्या जोर-बैठका अजून अंगात असतील, त्या हळूहळू परत सुरू करा, छातीच्या तपासण्या झाल्यावर. स्नायू टिकले तर वजनाचा आकडा थोडा जास्त राहिला तरी मला चालेल.

मागच्या वेळी तुम्ही नुसत्या निश्चयावर सोडली होती, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. औषधांची मदत घ्यायला लाजू नका. निकोटिन गम, पॅच, बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही नावं डॉक्टरांकडून समजून घ्या. यांतली बरीचशी औषधं चालू असेपर्यंत वजनवाढही थोडी रोखून धरतात, म्हणून तुमच्यासारख्याला मी ती आवर्जून सुचवतो. फिट्सचा त्रास असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही, हे डॉक्टरांना आधी सांगा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर बहुधा ४ मिलिग्रॅमचा गम लागेल, नाहीतर २ चा पुरतो. गम खायची पद्धत चुकली की लोक आठवड्यात फेकून देतात. तो च्युइंग गमसारखा सतत चघळायचा नाही. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की तंबाखूच्या बारासारखा गालात धरून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत थोडा चावायचा, साधारण अर्धा तास. घेण्याआधी पाव तास चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. ‘यातही निकोटिनच आहे ना?’ असं घरचे विचारतील. आहे, पण यात कार्बन मोनॉक्साइड नाही, धूर नाही, आणि तो काही महिन्यांत कमी करत बंद करायचा असतो. फोनवर सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत तंबाखूमुक्ती सेवा आहे.

सोडण्याची तारीख ठरवायच्या आधी एवढ्या तपासण्या करून घ्या: दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), ईसीजी. रक्तदाब आणि साखर इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यातही तपासून मिळते. साखर काठावर असेल तर मी वजनाकडे पहिल्या महिन्यापासूनच जास्त लक्ष देईन आणि दर तीन महिन्यांनी तपासेन. सिगारेट चालू ठेवायला ते कारण होत नाही, कारण सिगारेट स्वतःच मधुमेहाचा धोका वाढवते. साखर मधुमेहाच्या पातळीला असेल तर त्याचे उपचार लगेच, सिगारेट सोडण्याबरोबरच. कोलेस्टेरॉल आणि वडिलांचा इतिहास पाहून तुमच्या डॉक्टरांनी स्टॅटिन सुचवलं तर नकार देण्याआधी त्यांच्याशी सविस्तर बोला.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. आराम करत असताना काढलेला ईसीजी वाहिनीतला अडथळा पुष्कळदा दाखवत नाही. जोतिबाच्या पायऱ्या चढताना, भरभर चालताना किंवा कारखान्यात वजन उचलताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारं दुखणं, नेहमीपेक्षा जास्त दम असं काही होत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. बसल्या जागी पंधरा-वीस मिनिटं छाती दाबून धरल्यासारखी झाली, घाम सुटला, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

एक बोलणं घरी करा. पोट सुटलं म्हणणाऱ्यांत तुमच्या पत्नीही होत्या, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना तुमच्या अटॅकची भीती वाटत असणार, फक्त तोंडून पोटाचं निघतं. त्यांना हे उत्तर वाचायला द्या आणि सांगा की पुढचे सहा महिने काट्याबद्दल काही बोलू नकोस, टेप मात्र तूच धर. पहिलं माप सोडण्याच्या दिवशी घ्यायचं, दुसरं तीन महिन्यांनी. मध्ये मोजायचं नाही. तीन महिन्यांनी कंबर चार-पाच सेंटीमीटरच्या वर वाढलेली निघाली तर आहाराचा पुढचा टप्पा ठरवायला या किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा. सिगारेट तोवर बंदच राहू दे. आणि मध्ये एखाद्या लग्नात किंवा मिरवणुकीत कुणी हातात दिली आणि ओढली गेली, तर त्या एकीवर सगळं मोडलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गम परत सुरू करा आणि ठरलेल्या तारखेलाच माप घ्या.